शीतकाचा तिसरा हिस्सा

७ मे २००५, शनिवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. माझ्या दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर ही नोंद आहे आणि तिच्याखाली तीन आकडे: इंधन १००, शीतक १००, उड्या ०. त्या क्षणी भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमधल्या आमच्या दोन खोल्यांत कुकरची पहिली शिट्टी झाली होती. बाबा दाढी करत होते, आणि मी सुधीरमामाच्या संगणकासमोर आंघोळ करून बसले होते, जणू परीक्षेलाच. बारावीचे पेपर संपून दोन महिने झाले होते, निकाल यायचा होता. त्या रिकाम्या जागेत मी एक प्रवास आखला होता. तो पडद्यावरचा होता, पण आखणीत खोटे काहीच नव्हते.

खेळाचे नाव लांबलचक इंग्रजी होते. घरात त्याला नुसते 'यान' म्हणत. काही हौशी लोकांनी तयार करून फुकट वाटलेला तो अवकाशयानाचा सिम्युलेटर होता. त्यात शत्रू नव्हते, गोळीबार नव्हता, गुणही मिळत नसत. एक यान, एक मुक्कामाचे स्थानक आणि हजारो तारे. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची, इंधन संपत आले की एखाद्या ताऱ्याच्या जवळ जाऊन त्याचा वायू भरून घ्यायचा. जवळ गेले की यान तापे आणि ते थंड ठेवण्यासाठी शीतक खर्च होई. इंधन कुठेही मिळत असे, शीतक मात्र फक्त स्थानकात. शिवाय केलेला प्रवास जपून ठेवण्याची, म्हणजे 'सेव्ह' करण्याची सोयही स्थानकातच होती. बाहेर असताना खेळ थांबवून ठेवता येई, पण संगणक बंद झाला की सगळे पुसले जाई. जे लांब जाऊन परत येत त्यांची एक यादी दर महिन्याला त्यांच्या संकेतस्थळावर लागत असे. जेसल पार्कच्या सायबर कॅफेत बसून मी ती यादी वाचत असे. किती दूर कोण गेले याची ती यादी नव्हती, किती दूर जाऊन कोण परतले याची होती. मला तिच्यात माझे नाव हवे होते. ही इच्छा आता सांगताना लहान वाटते. तेव्हा माझ्याकडे तिच्याहून मोठी दुसरी नव्हती.

माझे लक्ष्य होते चौऱ्याऐंशी उड्यांवरचा एक एकटा लाल तारा. त्याच्यापलीकडे बऱ्याच अंतरापर्यंत काहीच नव्हते. कॅफेतल्या पडद्यावरून मी ताऱ्यांचे स्थानांक आणि रंगांप्रमाणे त्यांचे वर्ग हाताने वहीत उतरवून आणले होते. घरी फरशीवर आलेखाचे कागद जोडून, प्रत्येक जोडीचे अंतर सूत्राने काढून मार्ग ठरवला होता. इंधनाची भीती वाटे म्हणून दर तीन उड्यांनी थांबा घेतला होता. प्रत्येक थांब्याला शीतक १.६. जाता-येता छप्पन्न थांबे, म्हणजे एकोणनव्वद पूर्णांक सहा. उरले दहा. मला तो हिशोब देखणा वाटला होता. घाई एवढीच होती की संगणक आमचा नव्हता. मामा हैदराबादला कामासाठी गेला होता आणि पाच जूनला परत येऊन तो घेऊन जाणार होता.

आमच्या घराची त्या काळातली आठवण मला आधी आवाजांनी येते. आजूबाजूला इमारती उठत होत्या. सकाळी आठपासून खडी ओतल्याचा खडखडाट, मग मिक्सरची घरघर, दुपारी खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंची पापड लाटतानाची भजने. बाबा काशीमीऱ्याला एका माल वाहतुकीच्या कचेरीत ट्रकांचे नियोजन करत. घरी आले तरी त्यांचा फोन चालूच असे: "मनोर पार किया क्या? अरे, तो फिर खाना खाके निकलो ना भाई!" आणि या सगळ्यावर धुळीचा एक बारीक थर. आईचे सगळे राज्य त्या थराविरुद्ध उभे होते. टीव्हीला झालरीचे आवरण, मिक्सरला टोपी, टेलिफोनला विणलेला रुमाल. मामाचा संगणक आला त्याच दिवशी तिने जुन्या पडद्याच्या जाड कापडातून त्याला तीन कपडे शिवले: मॉनिटरला एक, कळफलकाला एक, आणि खालच्या खोक्याला, चारी बाजूंनी घट्ट बसणारा, नाडीसकट. वस्तू वापरात नसली की झाकायची. आमच्या इमारतीतल्या कोणत्याही घरात हा नियम मोडल्याचे मला आठवत नाही.

सतरा मेला मी एका प्रवेशपरीक्षेसाठी ठाण्याला गेले. यान एकसष्टाव्या उडीवर थांबवून ठेवले होते आणि वीज वाचावी म्हणून फक्त मॉनिटर बंद केला होता. दुपारी तीनला परतले तेव्हा संगणक तीनही कपडे घालून नीटनेटका बसला होता. खोक्याच्या कापडाला हात लावला तो तव्याला लावावा तसा मागे आला. नाडी सोडली, मॉनिटर लावला. पडदा काळा. खोका आतल्या आत तापून बंद पडला होता. पुन्हा चालू केला तेव्हा खेळ मला स्थानकात घेऊन गेला. इंधन १००, शीतक १००, उड्या ०.

"आई, हा कुणी झाकला?"

"मीच. बंद होता ना."

"बंद नव्हता! नुसता पडदा बंद होता. आत चालू होता तो!"

"मग मला काय स्वप्न पडलं? दिवा नाही, चित्र नाही. समोर दिवसभर खडी पडतेय, नाकातोंडात धूळ जातेय, म्हणून झाकला."

"तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस गं?"

आई वळली. ओट्यापाशी गेली आणि कैऱ्या किसू लागली. मी वही उघडली आणि लाल शाईने लिहिले: 'मोहीम समाप्त, उडी ६१. कारण : आई.' यानाच्या तापमानाचे गणित मी दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत केले होते आणि ज्या खोक्यात ते यान होते त्याच्या तापमानाचा विचार मला एकदाही सुचला नव्हता, हे त्या वाक्यात कुठेच नव्हते. आज माझे कामच दुसऱ्यांचे आराखडे तपासण्याचे आहे. कारणाच्या रकान्यात कोणाचे नाव दिसले की मी तो कागद परत पाठवते. तेव्हा मात्र मी ती ओळ दोनदा अधोरेखित केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिलोमिनामावशी आली. उत्तनहून टोपली घेऊन ती आठवड्यातून दोनदा येई. बोंबील दाराशी मांडता मांडता घरातली हवा ओळखण्यात तिचा हात कोणी धरला नसता. आईने नेहमीची घासाघीस न करता बोंबील घेतले, तेव्हाच मावशीने डोके आत घातले. मी फरशीवर कागदांच्या मधोमध बसले होते.

"काय गो, डोळे का सुजलेत? बोट बुडाली काय?"

"हो," मी म्हटले.

"माणसा गेली?"

"माणसं नव्हती तिच्यात."

"मंग रडतेस कशाला? दुसरी काढ!" ती उंबऱ्यावर बैठक मारून बसली. "जायचं कुठं हाय एवढं? बर्फ किती घेतलास?"

मला हसू आले. पण तिचा चेहरा गंभीर होता. तिचा नवरा आठ-दहा दिवसांच्या फेरीला लांब पाण्यात जात असे आणि तिच्या दृष्टीने लांबच्या प्रवासाबद्दल विचारण्याजोगा हाच पहिला प्रश्न होता. मी तिला इंधनाचे सांगू लागले. तिने हातानेच मला थांबवले.

"डिझेल न्हाय विचारलं. डिझेल संपला तर दुसरी बोट देते. बर्फ कोन देनार? माझा घोव बर्फ बघून परत फिरतो, मासली बघून न्हाय. तिसरा हिस्सा संपला का तोंड घराकडं."

"अर्धा का नाही? जाताना अर्धा, येताना अर्धा."

"आणि वाऱ्याला काय देशील? तुझा बापूस?" ती खदखदून हसली. आईही ओट्यापाशी हसली, आदल्या दुपारनंतर पहिल्यांदाच. "एक हिस्सा जायाला, एक यायाला, एक वाऱ्याला. आणि आयक, कप्पा सारखा सारखा उघडायचा न्हाय. उघडला का बर्फ पानी. एकदाच उघडायचा, पोटभर भरायचा, बंद."

टोपली डोक्यावर चढवून ती वरच्या मजल्यावर गेली आणि मी बराच वेळ आलेखाकडे बघत राहिले. कप्पा सारखा उघडणे म्हणजे मी करत होते तेच. ताऱ्याजवळ जाण्या-येण्यातच बहुतेक शीतक जात होते, वायू भरण्यात थोडेच. दर तीन उड्यांनी भीतभीत थोडे थोडे भरण्याऐवजी आठ उड्यांनी एकदाच टाकी काठोकाठ भरली तर एका थांब्याला तीन शीतक लागत होते, पण जाताना थांबे दहाच. म्हणजे तीस. तिसरा हिस्सा तेहतीस. लाल तारा त्यात बसत होता! मी तो हिशोब तीन वेळा केला, मग आईला दाखवला. तिने आकडे वाचले, वहीचे मागचे पान उलटले, लाल शाईतली ओळ वाचली, आणि वही मिटून परत दिली.

संध्याकाळी बाबांनी दुसरा प्रश्न सोडवला. रोज बारा उड्या घेतल्या तर पाच जूनच्या आत परतता येत होते. प्रत्येक उडीनंतर तापलेले यान दहा-बारा मिनिटे नुसते थांबवून निववावे लागे, आणि तेवढा वेळ तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून यानाचे तोंड ताऱ्यापासून वळते ठेवावे लागे. म्हणजे रोजचे चार तास एका जागी. मधे फॉर्म, दाखले, परीक्षा. "लांबच्या गाडीवर आम्ही एक ड्रायव्हर देत नाही," बाबा चहाच्या बशीवरून म्हणाले. "दोन लागतात. एक चालवतो, एक जागा राहतो."

"तुम्ही तर रात्री आठला येता."

"मी कुठे म्हणालो मी?"

आम्ही दोघांनी आईकडे पाहिले. ती कुरडयांची वाटी डब्यात उपडी करत होती. "मला कळत नाही ना त्यातलं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"काटा तर कळतो," बाबा म्हणाले. "दूध उतू जाताना तुझ्याएवढं कोणाला कळतं?"

एकोणीस मेला आम्ही दुसऱ्यांदा निघालो. आई खुर्चीवर मांडीत ताट घेऊन तांदूळ निवडायची. एक नजर तांदळात, एक काट्यावर, आणि बाणाच्या कळीवर डाव्या हाताचे बोट. मी शेजारी पुढच्या उडीचे अंतर काढत बसे. काटा हिरव्यात आला की ती म्हणे, "निवलं!" आमटी निवली असे म्हणावे तितक्या सहज. तिसऱ्या दिवसापासून ती आकडेही बोलू लागली आणि पाचव्या दिवशी मला सांगू लागली की पिवळ्या ताऱ्यांपाशी वेळ जास्त लागतो, नारिंगी बरे. हे तिने कुठे वाचले नव्हते. खोक्याला आता कपडा नव्हता. दुपारी ती ओले फडके फिरवून भोवतालची फरशी पुसून घेई. आम्ही फारसे बोलत नव्हतो. पण एका पडद्याकडे दोघींनी तासन् तास बघण्याची आम्हाला तोवर सवय नव्हती आणि त्या न बोलण्यातला कडवटपणा दिवसेंदिवस कमी होत गेला. दुपारी पन्ह्याचा पेला माझ्या उजव्या हाताशी येई.

चोवीस मेला बहात्तराव्या उडीवर नववा थांबा होता. वहीप्रमाणे तो नारिंगी तारा असायला हवा होता. यान जवळ जाताच पडदा पांढराफटक झाला.

"अगं, हा पांढरा आहे! काटा बघ, काटा!" आई ताट बाजूला ठेवून उभी राहिली. तांदूळ सांडले. मी टाकी भरून यान बाहेर काढले तोवर शीतक शहात्तरवरून सहासष्टावर आले होते. तीनच्या जागी दहा. वही पाहिली. कॅफेतून उतरवताना मी वरच्या ओळीचा वर्ग खालच्या ताऱ्यापुढे लिहिला होता. अक्षर माझे, शाई माझी.

"आई," मी म्हटले, "चूक माझी आहे. मी चुकीचं उतरवलं."

ती तांदूळ गोळा करत होती. "बरं. मग तेही लिही."

"काय?"

"वहीत. माझं लिहिलंस ना, लाल शाईनं? तुझंही लिही."

मी लाल पेन आणला. 'नववा थांबा, जादा खर्च ७. कारण : मी चुकीचे उतरवले.' मग मागे जाऊन सतरा मेची ओळ खोडली आणि तिथे लिहिले, 'कारण : खोक्याच्या तापमानाचा विचार मी केला नाही, आणि तो चालू आहे हे कोणाला सांगितले नाही.' आईने खांद्यावरून वाकून दोन्ही ओळी वाचल्या. "अक्षर जरा मोठं काढ," एवढेच म्हणाली. पण त्या संध्याकाळी बोंबील रव्यात घोळून तळले गेले, आणि माझ्या ताटात दोन जास्त होते.

प्रश्न मात्र शिल्लक होता. तिसरा हिस्सा संपला होता आणि लाल तारा अजून बारा उड्या पुढे होता. मी हिशोब केला: जाऊन येऊन शीतक नऊ, वेळ दोन दिवस. दोन्ही होते. पाच जूनला अवकाश होता. नियम मोडायला गणिताची हरकत नव्हती.

"गाडी तुझी आहे," बाबा म्हणाले. "पण मी ड्रायव्हरला एक विचारतो. पुढे जायचंय ते कशासाठी? माल पोचवायला, की मीटरवर आकडा बघायला?"

"मला तो तारा बघायचाय."

"बघ मग."

"आणि वारा?" आईने विचारले.

"खेळात वारा नसतो, आई."

"फिलोमिनाच्या नवऱ्यालाही निघताना दिसत नाही तो."

मी रात्रभर विचार केला असे लिहायला हवे, पण मी झोपले. सकाळी उठून पडद्यासमोर बसले. दुर्बिणीच्या खिडकीत तो लाल ठिपका दिसत होता, मोहरीएवढा. तिथे कोणी गेलेले नव्हते. गेले असतील तर परत आलेले नव्हते. त्याच्याकडे बघत असताना मला जाणवले की उरलेल्या हिश्श्याला मी 'शिल्लक' म्हणत होते, म्हणजे खर्चायला मोकळा. मावशीच्या हिशोबात तो आधीच दिलेला होता. कोणाला, ते फक्त ठाऊक नव्हते. मी यानाचे तोंड फिरवले. डोळ्यांत पाणी आले, ते आईने पाहिले आणि पाहिले नाही असे केले. गेल्या काही वर्षांत मी अनेक हुशार माणसांना 'राखीव कशासाठी?' असे विचारले आहे. ज्यांना नेमके उत्तर देता येते त्यांना राखीव म्हणजे काय ते कळलेले नसते, असे माझे मत झाले आहे.

परतीचे चार दिवस सरळ गेले. एकोणतीस मे, रविवार. चोवीस उड्या शिल्लक, शीतक अठ्ठेचाळीस. पावणेदहाला दाराची घंटा वाजली. दारात सुधीरमामा उभा होता, हातात दोरीचे बंडल आणि दोन रिकामी खोकी.

"काम आठवडाभर आधीच संपलं! ताई, चहा टाक. खाली टेम्पो उभा आहे, एक वाजेपर्यंतचा आहे. काय गं मनू, तोंड का पडलं?"

मी त्याला सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. "चोवीस म्हणजे किती वेळ?"

"आठ तास."

"मग कसं व्हायचं?"

"आपोआप निवायला वेळ लागतो," आई एकदम म्हणाली. "शीतक सोडलं तर लगेच निवतं. हो ना गं?"

मी पेन उचलला. उडीमागे १.६ शीतक सोडले तर थांबायला नको. एक उडी सात मिनिटांत. चोवीस उड्यांना अडतीस पूर्णांक चार. वाटेतले दोन थांबे, सहा. एकूण चव्वेचाळीस पूर्णांक चार. हातात अठ्ठेचाळीस. मी मान वर केली. "एकपर्यंत होईल. जेमतेम."

"सुधीर, तू बस," आई म्हणाली. "पोहे खा." तिने पदर खोचला आणि खुर्ची पुढे ओढली.

त्यापुढचे तीन तास आमच्या घरात कोणी साधे वाक्य बोलले नाही. मी उडी मारायची, आई काटा वाचायची, "सोड... सोड... बस!" आणि मी आकडा लिहायची. बाबा सज्जातून खाली ओरडत होते, "रमजानभाई, बस दस मिनट! चाय भेजता हूँ!" दर अर्ध्या तासाने त्यांनी खरोखर चहा पाठवला. मामा पोह्यांची बशी हातात धरून आमच्या मागे उभा राहिला आणि अकरानंतर खायचे विसरला. सोळाव्या उडीच्या थांब्यावर आई तांबड्या खुणेच्या जरासे आधीच "बाहेर!" म्हणून ओरडली. मी तिला का असे विचारले नाही, यान काढले. मग काटा आणखी वर चढून तांबड्याला टेकून खाली आला. लाल ताऱ्यापर्यंत गेले असते तर मामा आला तेव्हा अठ्ठेचाळीस उड्या शिल्लक असत्या. हे मी तेव्हा मोजले नाही, मोजायला वेळ नव्हता.

पावणेएकला खालून हॉर्न वाजला. शेवटची उडी. स्थानकाचे निळे दिवे पडद्यावर आले आणि मामा म्हणाला, "अरे, पोचली!" आईने त्याला गप्प केले, काटा अजून हलत होता. यान गोदीच्या खाचेत बसले, पडद्याच्या तळाशी 'सेव्ह' झाल्याची हिरवी पट्टी सरकत पूर्ण झाली. आईने चष्मा वर केला, पडद्याजवळ वाकून शेवटचा आकडा दोनदा वाचला, आणि तो मी लिहिला.

२९ मे, दुपारी बारा बावन्न. मुक्काम. उड्या १४४. शीतक ३.६.